कोलोनचे आर्चबिशप: राजाची माणसे की घराण्याची?

मूळ मत

मध्ययुगीन जर्मनीत आर्चबिशपच्या गादीवर बहुधा उमराव घराण्यांतील पुरुषच का बसत, असे विचारले की चर्चच्या अधःपाताकडे बोट दाखवून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. ९५३ साली राजा पहिला ऑटो याच्याविरुद्ध त्याचा जावई कोनराड बंडात सामील झाला, तेव्हा ऑटोने लोरेन प्रांताची सत्ता त्याच्याकडून काढून आपला धाकटा भाऊ ब्रूनो याच्याकडे सोपवली. हा ब्रूनो त्याच वर्षी ऱ्हाईनकाठच्या कोलोन शहराचा आर्चबिशप झाला होता. ड्यूकच्या, म्हणजे प्रांत सांभाळणाऱ्या सरदाराच्या, मागे त्याचा मुलगा हक्क सांगे. बिशपला औरस वारस नसल्यामुळे त्याच्या जमिनी, टाकसाळ आणि जकात पुढे कोणाच्या हाती द्यायची, हे राजाला दर वेळी नव्याने ठरवता येई. यात मला राज्यकारभाराची अक्कल दिसते.

प्रतिसाद १

मुलगा नसला तरी भाऊ-पुतणे असतात, हे आपण सोयीस्करपणे विसरता. कोलोनशेजारच्या बर्ग जहागिरीच्या काउंट (सरदार) घराण्याने बाराव्या शतकात कोलोनला पुन्हा पुन्हा आर्चबिशप पुरवले. त्याच घराण्यातील एंगेलबर्ट १२१६ मध्ये गादीवर आला आणि १२१८ मध्ये त्याचा भाऊ धर्मयुद्धात वारल्यावर, पुतणीच्या सासरचा दावा बाजूला सारून त्याने बर्गची जहागीरही स्वतःकडेच ठेवली. शिवाय बिशपांच्या नेमणुकीबाबत सम्राट आणि पोप यांच्यात झालेल्या ११२२ च्या वर्म्स करारानंतर निवडणुकीचा अधिकार हळूहळू कॅथेड्रलच्या धर्ममंडळाकडे गेला आणि त्या मंडळात पुन्हा उमरावच भरलेले होते. राजाची निवड म्हणतात ती उरली कुठे?

मूळ लेखकाचे उत्तर

एंगेलबर्टचे उदाहरण आपणच काढलेत, तर ते शेवटपर्यंत पाहू. सम्राट दुसरा फ्रेडरिक इटलीत असताना जर्मनीचा कारभार आणि सम्राटाच्या अल्पवयीन मुलाचे पालकत्व याच माणसाकडे होते. एसेनच्या स्त्रीमठाचा संरक्षक, एंगेलबर्टचाच नातलग फ्रेडरिक फॉन इझेनबर्ग, मठालाच लुबाडत होता. त्याला आवर घालायला गेल्यामुळे ७ नोव्हेंबर १२२५ रोजी गेवेल्सबर्गजवळ दबा धरून एंगेलबर्टला मारण्यात आले. त्याचे प्रेत शेणाच्या गाडीतून न्यावे लागले. घराण्यापुढे मान तुकवली असती, तर तो जगला असता.

प्रतिसाद २

आपण दोघेही राजवाडा आणि किल्ला यांच्या पलीकडे पाहायला तयार नाही. १०७४ च्या ईस्टरच्या दिवसांत आर्चबिशप आन्नोच्या नोकरांनी पाहुण्या बिशपच्या परतीसाठी एका व्यापाऱ्याची मालाने भरलेली नाव रिकामी करायला घेतली. त्यावरून कोलोन पेटले आणि आन्नोला रात्री शहर सोडून पळावे लागले. परत आल्यावर त्याने क्रूर शिक्षा दिल्या. शहराने मात्र हिशेब मिटवला नाही. १२८८ मध्ये वोरिंगनच्या लढाईत कोलोनचे नागरिक आर्चबिशप झीगफ्रीडच्या विरोधात उतरले आणि बर्गच्या काउंटच्याच बाजूने लढले. पराभूत आर्चबिशप बर्गच्या किल्ल्यात कैदी झाला आणि शहरावरील प्रत्यक्ष सत्ता गमावून बसला.