नवा डूम आणि बी-२०३ चा कॉम्प्युटर

*बी-२०३ (काकू):* मंडळी, जरा वेगळा प्रश्न आहे. चिरंजीवांनी परीक्षा संपल्यावर तो नवा डूम गेम घेतला, द डार्क एजेस. रात्रभर डाउनलोड करून सकाळी बघतो तर सुरूच होत नाही. ग्राफिक्स कार्ड चालणार नाही म्हणतो. कार्ड जीटीएक्स १६६०. बाकीचे गेम छान चालतात. कार्ड बिघडलं का?

*ए-४०२:* काकू, कार्ड ठणठणीत आहे. या गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करणारा खास भाग, असलेलंच कार्ड लागतं. कमीत कमी आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६००. १६६० मध्ये तो भागच नाही, त्यामुळे सेटिंग कितीही कमी केली तरी उपयोग नाही.

*सी-१०१ (काका):* माझं १०८० टीआय आहे. ११ जीबी मेमरी! तेही नाही?

*ए-४०२:* नाही काका. मेमरी भरपूर आहे, पण कार्ड २०१७ चं. रे ट्रेसिंगवाली कार्डं २०१८ पासून आली. आणि १६६० तर २०१९ चं असूनही त्यात ते नाही, म्हणून नुसतं साल बघून घेणारे फसतात.

*सी-१०१ (काका):* २०२० चा डूम इटर्नल याच कार्डावर लोण्यासारखा चालला. १९९३ चा पहिला डूम तर साध्या मशीनवर चालायचा, तेच त्याचं वैभव होतं. चांगलं चालतं कार्ड बाद करायला लावणं मला पटत नाही.

*ए-४०२:* तुमचं दुःख कळतं काका. मीही कार्ड बदलेपर्यंत थांबलो होतो. पण खेळल्यावर माझं मत बदललं. पूर्वी प्रत्येक लेव्हलचा प्रकाश आधी हिशोब करून साठवून ठेवावा लागायचा. भिंत हलवली की हिशोब परत पहिल्यापासून. आता तो खेळतानाच होतो, त्यामुळे मैदानं अवाढव्य झालीत. गोळी धातूवर लागली की चामड्यावर, हे ओळखायलाही तेच तंत्र वापरलंय. आणि मुख्य म्हणजे गेम अडखळत नाही. हल्ली मोठ्या गेममध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) छान दिसतो, पण दार उघडलं की झटका बसतो. इथे पन्नास राक्षस अंगावर आले तरी फ्रेम टाइम, म्हणजे एका चित्राला लागणारा वेळ, सरळ रेषेत. ज्यांच्याकडे चालतो त्यांच्याकडे फार नीट चालतो.

*डी-३०४ (ताई):* माझ्याकडे अडखळत होता. लॅपटॉप, आरटीएक्स ४०६० कार्ड, ८ जीबी मेमरी. चूक माझीच होती, टेक्स्चर पूल साइझ (पृष्ठभागांच्या चित्रांसाठी राखलेली कार्डाची मेमरी) सगळ्यात वर नेऊन ठेवला होता. तो खाली आणला आणि झटके गेले. चित्रात फरक मला तरी दिसला नाही.

*ए-४०२:* अगदी बरोबर. ८ जीबीवाल्यांनी आधी तेच बघावं.

*डी-३०४ (ताई):* अजून एक. फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डानेच बनवणं) लावलं तर एफपीएसचा आकडा दुप्पट दिसतो, पण ढाल उशिरा उठल्यासारखी वाटते. मी बंद केलं. या गेममध्ये सगळा जीव त्या ढालीत आहे.

*बी-२०३ (काकू):* ताई, आईच्या फोनवरून मी बोलतोय. इटर्नलसारखं उड्या मारत खेळायचं नाही का यात?

*डी-३०४ (ताई):* नाही रे. डबल जंप नाही, हवेतला डॅश (झटक्यात पुढे झेपावणं) नाही. इथे पाय रोवून उभं राहायचं. हिरवा गोळा आला की अगदी त्याच क्षणी ढाल पुढे करायची, तो उलटा जाऊन राक्षसावरच आदळतो. चिलखत घातलेला असेल तर गोळ्या झाडून ते लालबुंद तापवायचं आणि ढाल फेकून फोडायचं. तो आवाज! पहिल्या तासाला मला गेम संथ वाटला होता. हात बसल्यावर मात्र दोन तास कधी गेले कळलं नाही.

*ए-४०२:* मला ड्रॅगनचे आणि महाकाय यंत्रमानवाचे भाग मात्र फिके वाटले. दिसायला भव्य, पण हाताला काम कमी. मल्टिप्लेअर नाही, याचं मला वाईट वाटत नाही. २२ भाग आहेत, पुष्कळ झाले.

*सी-१०१ (काका):* माझा हात आता पूर्वीसारखा चालत नाही. त्या क्षणी ढाल जमेल का मला?

*डी-३०४ (ताई):* नक्की जमेल काका. पॅरीचा, म्हणजे ढालीने वार परतवण्याचा, वेळ वाढवता येतो, गेमचा वेगही कमी करता येतो, शत्रूचा मारही. सगळ्याचे वेगवेगळे स्लायडर आहेत. मीही पॅरीचा वेळ थोडा वाढवूनच खेळले.

*ए-४०२:* काकू, गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलाय का? तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. आजच अर्ज करा. पुढे कार्ड बदललंत की परत घेता येईल.

*बी-२०३ (काकू):* हो, स्टीमच. आत्ताच करायला बसवते त्याला. फार चिंतेत होतो आम्ही, कॉम्प्युटरच गेला वाटत होतं.

*ए-४०२:* आणि त्याला रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. पहिले दोन भाग माझ्या मशीनवर खेळू दे.

*बी-२०३ (काकू):* दादा मी नऊला येतो!!

*सी-१०१ (काका):* मीही येतो रे. पॅरीचा वेळ आधीच वाढवून ठेव.