ऐकतच नाही, उलट बोलतो, अंगावर येतो: ठाणे-नवी मुंबईत मदत कशी मिळवायची?

मूल तेरा ते सतराचं, घरात रोज खडाजंगी, शाळेतून आठवड्याला एक चिठ्ठी. आधी कुणाकडे जायचं, सोबत काय न्यायचं, कुठे फसतं ते लिहा. घरची कहाणी नको, कामाचं तेवढं.

शाळेतली समुपदेशक, नौपाडा

येताना दोन आठवड्यांची वही आणा. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग तुम्ही काय केलंत. 'फार उद्धट झालाय' या नोंदीचा उपयोग शून्य. अशी हवी: 'मंगळवार, रात्री ९:४०. जेवायला तीन हाका. चौथ्या वेळी मोबाइल ओढून घेतला. त्याने ताट ढकललं. दहा मिनिटांनी आजीने मोबाइल परत दिला.' ताट ढकललं की मोबाइल मिळतो, हे पोराला पाठ झालंय. बहुतेक वह्यांत तिसरा रकाना कोरा येतो, कारण तिथे स्वतःबद्दल लिहावं लागतं.

जुनी प्रगतिपुस्तकंही आणा. लिहिणं-वाचणं तिसरी-चौथीपासूनच लंगडं असेल, तर आधी अध्ययन अक्षमतेची तपासणी. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. गुण आठवीत एकदम कोसळले असतील, तर शाळेतला छळ, व्यसन, उदासी यांची चौकशी करा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाशी

पाटीवर 'काउन्सेलर' कुणीही लिहितं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा असेल तो रागावणार नाही. औषध लिहून देणं मात्र मानसोपचारतज्ज्ञाचं काम.

पहिल्याच वीस मिनिटांत 'ओडीडी (सतत विरोध करण्याचा, हुज्जत घालण्याचा विकार) आहे' म्हणून शिक्का मारणाऱ्यापासून सावध. त्या निदानाला किमान ६ महिने चाललेली, किमान चार लक्षणं लागतात, तीही भावंडांखेरीज निदान एका माणसाशी दिसायला हवीत. ओडीडीची स्वतंत्र गोळी नाही. सोबत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असेल तर त्याचं औषध चालतं आणि चिडचिडही बरीचशी उतरते.

मुख्य उपचार पालकांचं प्रशिक्षण. एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, आवाज न चढवता. मग दहा सेकंद गप्प. ऐकलं तर लगेच, नेमकं कौतुक. नाही ऐकलं तर आधीच ठरलेला छोटा परिणाम, त्याच दिवशी संपणारा. 'महिनाभर मोबाइल बंद' ही शिक्षा तिसऱ्या दिवशी आपणच मोडतो. आणि नियम लागू केल्यावर सुरुवातीला आदळआपट वाढते, कारण जुनी चावी चालत नाही म्हणून मूल ती आणखी जोरात फिरवतं. नेमके तिथेच लोक येणं सोडतात. तिथे एकदा नमलात की पुढची खेप आणखी मोठी.

मनोविकार ओपीडीतली परिचारिका, ठाणे

मूल यायला तयार नसेल तर आई-बाबांनी एकटंच यावं, कामाची सुरुवात तशीही होते. 'दात दाखवायला जाऊ' असं खोटं सांगून आणू नका. दुसऱ्या वेळी ते जिन्यावरूनच परत फिरतं. १९०१ पासूनचं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की लोक दचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून घरी जाता येतं. ठाण्यातच १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था आहे. रात्री-बेरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट.

मरण्याची भाषा, हातावर ब्लेडच्या खुणा किंवा हातात चाकू दिसला, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी कॅज्युअल्टी.

बालहक्काचं काम करणारा, ऐरोली

'सुधारून देतो' म्हणणाऱ्या वसतिगृहांच्या नादी लागू नका. मारून गप्प बसवलेलं पोर घरी आलं की त्याच जागी, वर विश्वास गेलेला. दाखल करायचीच वेळ आली तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ वाचा. अठराच्या आतल्या मुलाला दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं आणि पूर्ण मुक्काम पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने सोबत राहायचं. रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवणं बंधनकारक. 'भेटायला यायचं नाही' असं जिथे सांगतात, तिथून तसेच मागे फिरा. मारहाण दिसली तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

समुपदेशक, पुन्हा

एक राहिलंच. वही आजीच्या हातातही द्या. तिचा तिसरा रकाना आई-बाबांपेक्षा प्रामाणिक असतो, आणि मोबाइल कोण परत देतं त्यावरून घरात होणारं निम्मं भांडण तिथेच मिटतं.