लॅमोट्रिजीन, गरोदरपण: एकाच बाईला तीन आयडी? (टाचणी, उखळ, पाणपोई ही टोपणनावं)

टाचणी: एपिलेप्सीसाठी लॅमोट्रिजीन घेणाऱ्या ३१ गरोदर बायका, प्रत्येकीच्या तीन-चार भेटी. दर भेटीला सकाळच्या गोळीआधीचं एकच सॅम्पल. औषधाच्या रक्तातल्या लेव्हलचं मॉडेल नॉनमेम या सॉफ्टवेअरमध्ये. गाइड म्हणाले, तिमाहीगणिक वेगळा आयडी (फाइलमधला पेशंट नंबर) दे, डेटा वाढेल. दिला. वजनाच्या परिणामाचा स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) इतका देखणा, म्हणजे छोटा, आला की मलाच शंका आली. १७ नंबरची बाई बघा: १०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, डोस बदललाच नाही. आठव्या आठवड्यात रक्तातली लेव्हल ३.९, तिसाव्यात १.६, बाळंतपणानंतर महिन्याने ४.१. माझ्या फाइलमध्ये या तीन अनोळखी बायका आहेत! शिवाय भेटींमधले डोस कुठून आणू? रजिस्टरमध्ये नुसतं ‘सेम चालू’.

उखळ: अगं, बाई एक, आयडी एक. तीन दिलेस की तिचं तेच वजन आणि तिचाच मूळचा क्लिअरन्स (शरीर औषध किती वेगाने काढून टाकतं ते) तीनदा मोजला जातो, म्हणून एरर देखणा. आणि जे खरं सोनं आहे, तिची स्वतःशीच तुलना, ते वाया.
तिमाहीचे कप्पेही नकोत. तेराव्या-चौदाव्या आठवड्यांच्या मध्ये बाईत असं काय उलटतं? इस्ट्रोजेनमुळे यूजीटी१ए४ (लॅमोट्रिजीन मोडणारं एन्झाइम) चढत जातं, क्लिअरन्सही तसाच. आठवडे सलग घे. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत सगळं खाली येतं, त्याला दिवसांवर वेगळं फंक्शन लाव.
डोस: सॅम्पलच्या आधीच्या गोळीला एसएस १ (लेव्हल स्थिरावली आहे असं धर), आयआय १२ (दर १२ तासांनी गोळी). मधले लिहायची गरज नाही. त्या ओळीवरही त्याच भेटीचा आठवडा टाक. नॉनमेम कोव्हेरिएट (आठवडा, वजन अशी माहिती) पुढच्या ओळीवरून मागे ओढतं, मोनोलिक्स हे दुसरं सॉफ्टवेअर मागचा पुढे नेतं. मी यात एकदा अख्खा आठवडा घालवलाय.

पाणपोई: आयओव्हीच्या (एकाच बाईतला भेटीगणिक फरक) मोहात पडू नका. भेटीला एकच सॅम्पल असेल तर तो फरक रेसिड्युअल एररपासून (मॉडेलला न समजलेली उरलेली तफावत) सुटा होत नाही. वजन गरोदरपणाआधीचं घ्या, क्लिअरन्ससाठी त्याचा घात ०.७५ फिक्स. चालू वजन आठवड्यांबरोबरच चढतं, मग कोणाचा परिणाम कोणाच्या नावावर जाईल सांगता येत नाही.

टाचणी: केलं! वजनाचा एरर फुगला, आठवड्यांचा उलट आकसला. गाइडना प्लॉटच दाखवला, १७ नंबरची एकच रेघ, खाली जाऊन परत वर. ‘बरं’ म्हणाले. आता चौघींचा डोस सॅम्पलच्या चार दिवस आधीच वाढवलेला निघालाय, तिथे एसएस चालणार नाही. गोळ्या नेमक्या कधी बदलल्या, ते फोन करून विचारतेय.