स्नोबोर्डचे बूट एक नंबर मोठे घ्यावेत का?

दांडियाबाजारवाली (बडोदे):
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला चालले आहे. बोर्ड तिथेच भाड्याने घेईन, पण बूट स्वतःचे हवेत असं वाटतं. इथे घालून बघायला मिळाले नाहीत, ऑनलाइनच मागवावे लागणार. रोजच्या बुटांचा माझा नंबर 6. एका दुकानदारांचं म्हणणं, "थंडीत दोन मोजे लागतील, 7 घ्या." मला काही पटेना. पंजा जरा रुंद आहे. कोणी जाणकार सांगेल का?

राजवाडा_इंदूर:
ताई, 7 मुळीच घेऊ नका. 6 सुद्धा सध्या बाजूला ठेवा. या बुटांचं खरं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्याला मॉन्डोपॉइंट म्हणतात. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, फरशीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि पूर्ण वजन देऊन उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटापाशी खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, आपण वाकलो की माप हलतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

मोठ्या बुटात टाच उचलली जाते, सगळा घोटाळा तिथे होतो. बोर्डाच्या पंजाकडच्या कडेवर वळताना तुम्ही नडगी पुढे दाबता. टाच वर आली की तो जोर बोर्डापर्यंत पोचतच नाही. मग माणूस लेस करकचून आवळतो, रक्त अडतं आणि पाय गारठतो. म्हणजे ज्या थंडीसाठी मोठा बूट घेतला, तीच वाढते. मोजा एकच, पातळसर लोकरीचा, नडगीपर्यंतचा. दोन घातले की चुण्या पडतात, घाम साचतो. थर्मलची पायची बुटात कोंबायची नाही, तिची शिवण नडगीत रुतते.

बूट आले की टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, आधी लायनरची (म्हणजे आतल्या मऊ बुटाची) आणि मग बाहेरची लेस ओढा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकतात. ताठ उभं असतानाच बोटांपुढे मोकळी जागा राहिली, तर बूट मोठा. घरातच अर्धा तास घालून वावरा (बडोद्याच्या हवेत पंखा लावूनच!). सगळीकडून सारखा आवळलेला असेल तर चालेल, लायनर वापराने दबतो. एकाच जागी टोचत असेल किंवा बोटं बधिर झाली, तर परत पाठवा.

शिकाऊ माणसाला मऊ बूट बरा. फ्लेक्स, म्हणजे बुटाचा ताठरपणा, 10 पैकी 3-4 पुरे.

ग्वाल्हेरकर:
वरचं सगळं पटलं. फक्त पहिल्या खेपेला बूटही भाड्यानेच घ्यावेत असं माझं मत. आवडलं तर पुढे खरेदी. मात्र भाड्याच्या बुटांचे लायनर बरेच दबलेले असतात, म्हणून दुकानात टाच नक्की तपासा आणि सैल वाटला तर अर्धा नंबर लहान मागा. लायनर ओला लागला तर दुसरा जोड मागायला संकोच नको.

दांडियाबाजारवाली (बडोदे):
आईने खुणा केल्या. डावा 23.9, उजवा 23.7. म्हणजे 24 ना? आणि करंगळीपाशी दाबलं तर 24.5 घेऊ?

राजवाडा_इंदूर:
हो, 24. रुंदीचा प्रश्न लांबी वाढवून सुटत नाही, टाच मात्र सुटते. 24 मध्येच रुंद पंजाचं, 'वाइड' लिहिलेलं मॉडेल शोधा. नाहीतर तापवून पायाच्या आकाराला बसवता येणारा लायनर असलेला घ्या. तो तापवून पायावर बसवताना करंगळीवर फोमचा छोटा तुकडा ठेवला की नेमकी तिथेच जागा होते. परत करायचे असतील तर तळ खराब होऊ देऊ नका, चाचणी गालिच्यावरच करा. मागवण्याआधी इथे मॉडेलचं नाव टाका, मी बघतो.