लंडनमध्ये अस्सल मेक्सिकन: शोधत राहायचं की नाद सोडायचा?

मकाताई

नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं मेक्सिको सिटीत काढली, आता दीड वर्ष झालं लंडनला. तिकडे आमच्या कोपऱ्यावर एक मावशी सकाळी कोमालवर, म्हणजे त्यांच्या तव्यावर, निळ्या मक्याचे त्लाकोयो भाजायच्या. आत घेवड्याचं सारण, वर निवडुंगाच्या शिजवलेल्या फोडी. तो भाजलेल्या मक्याचा वास इथे शोधतेय. अकरा ठिकाणं झाली. परवा एका बऱ्यापैकी महाग ठिकाणी टाको मागवला, तर गव्हाच्या गार पोळीत राजमा, चेडर आणि गोड मक्याचे दाणे! मिरची औषधालाही नाही.

माझं स्पष्ट मत: मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून (याला ते निश्तामाल म्हणतात) ओला दळलेला नसेल, तर पाटीवर मेक्सिकन लिहू नये. बाकी सगळ्यात तडजोड करायला तयार आहे, यात नाही.

ठसका

अस्सल हा शब्द ऐकला की मी आधी खिसा चाचपतो.

ताई, अल पास्तोर खाल्ला असेलच ना? उभ्या सळईवर रचलेलं डुकराचं मांस, वर अननस. ती सळई लेबनॉनहून गेलेल्या लोकांची, शावरमाची. टाकोवर लिंबू पिळता, कांदा-कोथिंबीर भुरभुरता, त्यातलं मूळचं तिथलं काय? सगळं स्पॅनिश लोकांच्या जहाजातून उतरलेलं. डुक्करसुद्धा. मग १५२१च्या, म्हणजे स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकण्याच्या, आधीचं अस्सल की नंतरचं, ते एकदा ठरवून सांगा. आणि आपला वडापाव तरी बघा, बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, पाव...

पानसुपारी

वडापावचं उदाहरण आता निवृत्त करा हो. प्रत्येक खाण्याच्या वादात त्याला साक्षीला उभं करतात, बिचारा दमला असेल.

टेक्सासकर

सॅन अँटोनिओत बारा वर्षं आहे, म्हणून तोंड उघडतो. गव्हाची पोळी दिसली की 'नकली' म्हणायची फॅशन आहे. उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरात, चिवावात लोक पिढ्यान् पिढ्या गव्हाचीच तोर्तिया (टाकोची पोळी) खातात. सोनोरातली सोबाकेरा पाहिली आहे का? हातांवर झुलवत झुलवत पसरतात, इतकी मोठी नि पातळ की आपल्या पुरणाच्या मांड्यांची आठवण येते. बुरितो, म्हणजे गव्हाच्या पोळीची सारण भरलेली गुंडाळी, उत्तरेचाच. नाचोजसुद्धा सीमेच्या पलीकडे, पिएद्रास नेग्रासमध्ये झाले. १९४०च्या दशकात इग्नासिओ अनाया नावाच्या गृहस्थांनी नदीपलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी हाताला लागेल त्यातून केले. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो.

ताईंचं अस्सल म्हणजे मेक्सिको सिटीचं अस्सल. पुण्यात राहून आल्यावर कोकणातल्या माणसाला 'हे महाराष्ट्रीय नाही' सांगण्यासारखं आहे हे.

मकाताई

टेक्सासकर, हे मान्य. उत्तरेवर अन्याय केला, माघार घेते. (गोड मक्याच्या दाण्यांबद्दल मात्र नाही.)

ठसका, तुमचा मुद्दा वस्तूंचा आहे, माझा रीतीचा. वस्तू फिरतातच. पण मक्याचंच बघा. युरोपने मका नेला आणि चुना तिथेच सोडला. मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) जखडलेलं असतं, ते चुन्यामुळे मोकळं होतं. उत्तर इटलीत गरीब लोक वर्षानुवर्षं नुसत्या मक्याच्या पोलेंटावर जगले आणि त्यांना पेलाग्रा झाला: कातडी सोलायची, डोकं भ्रमायचं, माणसं दगावायची. मेक्सिकोत मुख्य अन्न तोच मका, पण तिथे हा रोग असा पसरला नाही. रीत गाळली की नुसती चव जात नाही. आता याला नाक मुरडणं म्हणायचं असेल तर म्हणा.

ठसका

पेलाग्राचा मुद्दा जोरदार आहे, कबूल. पण लंडनमध्ये आठवड्याला दोन टाको खाणाऱ्याला पेलाग्रा होणार नाहीये! तुम्ही आरोग्याच्या आडून चवीचा वाद जिंकताय.

टेम्सकाठी

दोघांनाही अडचणीत आणणारं उदाहरण देते. मेरिलबोनमध्ये कोल नावाचं ठिकाण आहे, २०२० मध्ये उघडलं, २०२२ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. शेफ मेक्सिकन. तिथे लिंबू नाही, अवोकाडो नाही! आंबटपणा सी बकथॉर्नच्या नारिंगी फळांचा, कोळंबीसारखी दिसणारी लँगुस्टीन स्कॉटलंडची. मेक्सिकोहून येतं ते मका, सुक्या मिरच्या आणि चॉकलेट. म्हणजे ताईंची अट पूर्ण आणि ठसका यांचा उदारमतवादही.

मी वाढदिवसाला गेले होते. बिल पाहून नवरा मुकाट्याने बसस्टॉपपर्यंत चालला, म्हणून रोजच्या भुकेला उपयोग शून्य. रोजच्यासाठी बरो मार्केटमध्ये जा. सुक्या मिरच्या मिळवणं तर इथे अवघड नाहीच, कूल चिली कंपनी १९९३पासून हाच धंदा करते. ग्वाहियो मिरची संपली की मी ब्याडगी वापरते, रंग तोच, जाळ बेताचा. अंचो मिरचीला मात्र आपल्याकडे जोड नाही.

ठसका

लिंबाशिवाय टाको चालतो आणि पिशवीतल्या पिठाचा चालत नाही? मेक्सिकोतसुद्धा लाखो घरांत मासेका ब्रँडचं तयार पीठच भिजवतात. त्या घरांच्या पाट्या कोण उतरवणार, ताई?

मकाताई

ते पीठही निश्तामालचंच असतं, सुकवून दळलेलं. चव उतरते, पण रीत आहे. राजमा-चेडरच्या पंगतीत त्याला नका बसवू.

वांगीभात

शाकाहारींनी काय करायचं? घेवड्यातही चरबी घालतात म्हणे.

मकाताई

घालतात, विचारून घ्यावं लागतं. पण भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली तोर्तिया) आहे, निवडुंग आहे, मक्यावरची काणी, म्हणजे बुरशीसुद्धा आहे. हो, शेतकरी जिला रोग म्हणतात तीच, तिकडे तिला वितलाकोचे म्हणून जास्त पैसे पडतात. शिवाय नावातच केसो, म्हणजे चीज, असूनही मेक्सिको सिटीत केसादियात चीज हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं. यावरून बाकीचा देश त्यांच्याशी भांडतो.

टेक्सासकर

म्हणजे चीज नसलेली केसादिया अस्सल आणि आमची पोळी नकली. छान.

निमूटवाचक

एरवी फक्त वाचतो, पण चुन्याचा विषय निघाला म्हणून. घरी केलंय. सुका, पक्का मका घ्या, कणसाचा गोड मका मुळीच नको. किलोला दहा ग्रॅम खायचा चुना, अडीच-तीन लिटर पाणी. पाऊणेक तास मंद शिजवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी साल चोळली की सुटते, मग धुऊन घ्या. स्टीलचं पातेलं वापरा, अॅल्युमिनियम नको. पानवाल्याकडचा चुना नको, खाद्य चुना म्हणून लिहिलेली पुडी बघून घ्या.

खरी गोची दळण्यात आहे. मिक्सर फिरेना म्हणून मी पाणी घालत गेलो आणि घावनाचं पीठ झालं. घावन घातले, मुलांनी चटणीशी खाल्ले. दुसऱ्यांदा आईचा पाटा-वरवंटा काढला. तासाभरात आठ तोर्तिया आणि खांदा कामातून गेला. पण वास आला. मेक्सिकोला गेलेलो नाही, त्यामुळे ताईंचा तोच वास का, ते सांगू शकत नाही.

मकाताई

निमूटवाचक, तुम्ही लंडनमध्ये कुठे असता? आणि तुमचे सगळे शनिवार मोकळे असतात का?

निमूटवाचक

हॅरो. पाटा आणायचा असेल तर तुम्हीच उचलून न्या.

ठसका

मीही येतो. पण लिंबू घेऊन येणार, आधीच सांगतो.