मारुती ८०० : काचेचे बीडिंग बदलायला घेतले आणि तळाचा पत्रा गेलेला निघाला, काम कुठे थांबवावे?

वाशिष्ठी

नमस्कार. वडिलांनी २००३ साली घेतलेली मारुती ८०० आमच्याकडे अजून आहे. गाडी चिपळूणला घरालगतच्या पडवीत उभी असते आणि आठवड्यातून दोन-तीनदा चालते. जून संपता संपता डाव्या पुढच्या सीटसमोरचे कार्पेट ओले लागू लागले. आधी मला ते एसीचे पाणी वाटले, परंतु एसी आठ दिवस बंद ठेवूनही ओल कमी झाली नाही. पाण्याला बुळबुळीतपणा किंवा गोडसर वास नव्हता आणि रेडिएटरमधील पातळीही उतरलेली नव्हती, त्यामुळे ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) नसून पावसाचे पाणी आहे एवढे निश्चित झाले. मग मुलाला टॉर्च देऊन आत बसवले आणि बाहेरून नळीने खालून वर असे थोडे थोडे पाणी सोडत गेलो. पुढच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर धार पडताच डॅशबोर्डच्या मागून थेंब उतरू लागले. तेथील रबरी बीडिंग, म्हणजे काचेभोवतीची रबरी पट्टी, कडक होऊन आकसले होते. ते बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, असे समजून मी गाडी गॅरेजला दिली.

काच उतरल्यावर बीडिंगखालच्या पत्र्याच्या कडेला वीतभर गंज दिसला. पाणी आत कुठवर गेले असेल हे पाहण्यासाठी कार्पेट उचलले, तर खालचा नमदा (जाड लोकरी अस्तर) पिळल्यावर तांब्याभर पाणी निघाले. तळाला चिकटवलेला डांबरी थर खरवडून तेथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. सैल पोपडे काढत गेलो तेव्हा दोन तळहात मावतील एवढे भोक झाले. सीट सोडवताना एक बोल्ट तुटला आणि एका नटाचे आटे गेले.

आता गॅरेजमधील मंडळींचे म्हणणे असे की गाडी एवढी उघडलीच आहे तर डॅशबोर्ड काढून वायरिंग नवे करावे, इंजिन उतरवून आतून पाहावे आणि संपूर्ण गाडीला रंग द्यावा. इंजिन उत्तम चालते, तेल खात नाही. गाडी मोडीत काढण्याची माझी इच्छा नाही, वडील आजही तिच्यातूनच बाजारात जातात. परंतु हे काम वर्षभर चालावे असेही मला वाटत नाही. भोकावर फायबरग्लास चिकटवून वर्ष-दोन वर्षे काढता येतील काय? नसेल तर कोणती कामे अटळ आहेत आणि कोणती पुढे ढकलता येतील?

देवबागचा वारा

फायबरग्लास लावू नये, असे मी स्पष्टच सांगेन. त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये ओल अडकते, गंज डोळ्याआड वाढत राहतो आणि बळकटी काहीच मिळत नाही. ८०० ला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. तळ, दरवाजाखालचे उंबरे आणि खांब हे सगळे मिळूनच तिचा सांगाडा बनतो आणि सीट तळावरच बोल्टने बसवलेली असते. धक्का बसला तर माणसाचे वजन त्या पत्र्यावर येते, म्हणून तेथे पत्राच लागेल आणि तो जोडूनच घ्यावा लागेल.

माझी गाडी मालवणला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असते. तिचे तळकाम तीन वर्षांपूर्वी केले, त्या अनुभवावरून सांगतो : खर्चाचा अंदाज मागण्याआधी गाडी उचलून तीन जागा टोचून पाहा. पहिली जागा म्हणजे बॉनेटखाली जेथे पुढचे शॉकॲब्सॉर्बर वरून बसतात तो पत्रा, दुसरी दोन्ही बाजूंचे उंबरे आणि जॅक लावण्याच्या जागा, आणि तिसरी मागच्या सस्पेन्शनचे दांडे जेथे बॉडीला जोडलेले आहेत ती. या तिन्ही जागा घट्ट असतील तर तुमचे काम दोन तळहातांच्या भोकाचेच आहे, आणि ते करण्याजोगे आहे. यांपैकी एक जरी जागा पोकळ वाजली तर हिशोबच बदलतो.

आणखी एक जागा तपासा. वायपरखाली जी जाळी असते तिच्यातून आत गेलेले पाणी दोन्ही कडांनी खाली निघून जायला हवे. आमच्याकडे जांभळाची पाने कुजून ती वाट बुजली होती आणि बीडिंग नवे घालूनही पाणी आत येतच राहिले. दोष एकच असतो असे नाही, त्यामुळे तुमच्या गाडीतही दोन्ही वाटांनी पाणी येत असण्याची शक्यता आहे.

पत्रेकाम

मी टिंकरिंगचे, म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचे, काम पंचवीस वर्षे करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कामाचा क्रम चुकला तर तेच काम दोनदा करावे लागते. आधी काचेची चौकट करा. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून काढा, गेलेला भाग जोडा, प्रायमर आणि रंग पुरता वाळू द्या आणि मगच काच बसवा. पुष्कळ ठिकाणी गंजावरच लांबी (पुट्टी) भरून त्यावर बीडिंग चढवतात. ते एक पावसाळासुद्धा टिकत नाही. काच बसवताना बीडिंग काचेला लावून त्याच्या आतल्या खाचेत सुतळीएवढी दोरी फिरवतात आणि थोडे साबणाचे पाणी लावतात. एक माणूस बाहेरून तळहाताने काच दाबतो, दुसरा आत बसून दोरीचे टोक हळूहळू ओढतो आणि रबराची जीभ पत्र्याच्या कडेवर चढत जाते. दोरी घाईने ओढली तर रबर फाटते, म्हणून हे काम दुपारच्या उन्हात, रबर नरम असताना करणे चांगले. त्यानंतर नळीने पुन्हा पाणी मारून पाहा. आतून कोरडे राहिले तरच तळाला हात लावा.

तळाच्या कामाआधी बॅटरीची दोन्ही टोके सोडवा. तुमची गाडी एमपीएफआय आहे, म्हणजे तिच्यात पेट्रोल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने सोडले जाते, तेव्हा तिच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचा कनेक्टरही काढून ठेवायला सांगा. मागच्या टाकीतून इंजिनाकडे येणारी पेट्रोलची नळी आणि मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी तळाखालूनच जाते. त्या दोन्ही नेमक्या कुठून गेल्या आहेत हे स्वतः पाहिल्याशिवाय वेल्डिंग सुरू होऊ देऊ नका. उरलेला डांबरी थर आणि नमदा दूर करा, कारण ते पेट घेतात. अग्निशामक नळकांडे जवळ असावे आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास कोणीतरी गाडीपाशी थांबावे.

गेलेल्या भागाच्या पलीकडे एक-दोन बोटे चांगला पत्रा लागेपर्यंत कापावे, तुकड्याचे कोपरे गोल ठेवावेत आणि २० गेजचा पत्रा वापरावा. एवढ्या पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंगची आच सोसत नाही, तो वेडावाकडा होतो. सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणारे विजेचे वेल्डिंग) आधी इंच-इंच अंतरावर टाके द्यावेत, मग एक इकडे, एक तिकडे असे करत मधली जागा भरावी. नंतर जोडावर सीलंट, दोन्ही बाजूंनी प्रायमर आणि खालून अंडरकोटिंग, म्हणजे गंजरोधक लेप. अंडरकोटिंग करताना उंबऱ्यांची पाणी निघून जाण्याची भोके बुजवू नका. ती बुजवल्याने सडलेले उंबरे मी असंख्य पाहिले आहेत. तुटलेल्या बोल्टाच्या जागी नट वेल्ड करताना खाली जाड पट्टी घ्यावी, नुसत्या पत्र्यावर नट टिकत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. काचेची चौकट, तळ, सीटचे नट, आणि गंजली असेल तर ब्रेकची नळी, एवढे अटळ. ब्रेकची नळी बीडिंगच्या कामात कुठेच नव्हती, तरीही ती मी अटळ म्हणतो, कारण तळ पूर्ण करून अंडरकोटिंग केल्यावर तिच्यावर नीट नजर टाकता येणार नाही. इंजिनाला हात लावू नका. चालते इंजिन केवळ गाडी उघडी आहे म्हणून उतरवण्याला काही आधार नाही.

जुना पाना

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या भावाची गाडी अशाच परिस्थितीत "उघडलीच आहे तर" म्हणून पूर्ण सोडवली गेली. पैसे टप्प्याटप्प्याने येत होते, मधल्या काळात मूळ कारागीर दुसरीकडे गेला, आणि कुठला स्क्रू कुठला हे सांगणारे कोणी उरले नाही. ती गाडी परत रस्त्यावर आलीच नाही. म्हणून प्रत्येक सुटा भाग वेगळ्या पिशवीत, नाव लिहून, आपल्या घरी ठेवा आणि सोडवण्यापूर्वी फोटो काढा.

रंगाचा विचार पुढे कधी झालाच तर मूळ रंगच ठेवा, कारण रंग बदलला तर नोंदणीपुस्तकातही तो बदलून घ्यावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते, म्हणजे तुमची पुढची तपासणी २०२८ मध्ये येईल. रंगाचे काम त्याच सुमारास काढता येईल. तोवर सुट्या भागांचीही चिंता नसावी. ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले असले तरी याच कुळातील ७९६ सीसीचे इंजिन अल्टोतही होते, त्यामुळे इंजिनाचे भाग अजून मिळतात.

वाशिष्ठी

सर्वांचे मनापासून आभार. गाडी उचलून तिन्ही जागा टोचून पाहिल्या. उंबरे आणि सस्पेन्शनच्या जागा घट्ट आहेत. वायपरखालच्या जाळीतून मात्र ओंजळभर काळा चिखल निघाला. ब्रेकची नळी एका क्लिपखाली इतकी गंजली होती की नखाने खरवडताच खपली निघाली, म्हणून तीही यादीत घातली आहे. गॅरेजमध्ये कामांची यादी लिहून दिली आणि इंजिन, वायरिंग व रंग यांना नकार कळवला. त्यांनीही ते मनाला लावून घेतले नाही. काच कालच बसवली, दोरी मी स्वतः ओढली. तासभर पाणी मारूनही आत थेंब नाही. तळाचे काम सोमवारी सुरू होईल.

एकच शंका राहिली आहे : जुना नमदा चार दिवस उन्हात वाळवला, तोच परत घालावा काय?

पत्रेकाम

घालू नका. वरून कोरडा वाटला तरी मधल्या थरात ओल धरून ठेवतो. नवा घ्या, आणि या पावसाळ्यापुरता तो तळाला न चिकटवता नुसता अंथरा, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी उचलून खाली पाहता येईल.