हलगी शाळेत शिकवावी का? सांगली-साताऱ्याकडच्यांनी मत मांडावं

कृष्णाकाठ (धागाकर्ता):
यंदाच्या जत्रांमध्ये एक गोष्ट सलत राहिली. वरातीत डीजेची भिंत, पालखीपुढं बेंजो. हलगी, घुमकं ही कातडी वाद्यं आणि झांजेसारखं कैताळ मनापासून ऐकायला मिळतं ते कुस्तीच्या मैदानात. कुंडलसारख्या मैदानावर जोड रंगात आली की ठेका चढतो आणि बसलेला माणूस आपोआप उठून उभा राहतो. पण हलगी वाजवायचं टिपरू धरणारे हात आता बहुतेक उतारवयातले आहेत. लेझमीचा ठेका वेगळा, पालखीचा वेगळा, मयताचा वेगळा. कुस्तीचा तर सलामीपासून चितपट होईपर्यंत बदलत जातो. हे बहुतेक ठिकाणी कुणी लिहून ठेवलेलं नाही, बापाकडून पोराकडं आलंय. वाजवणारा गेला की त्या गावचा ठेकाही जातो.

माझं म्हणणं असं की, जिल्हा परिषदेच्या शाळांत लेझीम शिकवतात तशी हलगीही शिकवावी. शिकवायला पिढ्यान्‌पिढ्या ती वाजवणाऱ्या मातंग समाजातल्या वाजंत्र्यांनाच बोलवावं आणि तासाप्रमाणे पैसे द्यावेत. सरकार ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन देतं, ते हवंच. पण त्यानं म्हातारपण निभावतं, कला पुढच्या हातात जात नाही.

वारणेचा पोर:
सर, तळमळ कळते. पण मी मांगवाड्यातला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माझे आजोबा हौस म्हणून हलगी वाजवत नव्हते, ती गावकी होती. दवंडी द्यायची, लग्नात वाजवायचं, आणि जेवायला बसायचं सगळ्या पंगती उठल्यावर, लांब. मयताला बोलावणं आलं की अंगात ताप असला तरी जायचं. वडिलांनी हलगी आढ्याला टांगली आणि आम्हाला शाळेत घातलं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध, म्हणजे जातीनं गावची कामं गळ्यात बांधणाऱ्या पद्धतीविरुद्ध, विधेयक आणलं. कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ उजाडलं. मधल्या काळात ज्यांनी गावकीची कामं, वाजवणं, मेलेली जनावरं ओढणं सोडलं त्यांच्यावर गावोगाव बहिष्कार पडले. एवढी किंमत मोजून खाली ठेवलेलं ओझं आता वारसा म्हणून आमच्याच पोरांच्या डोक्यावर द्यायचं? शाळेत हलगी आल्यावर गुरुजी ती उचलायला पहिल्यांदा कुणाच्या पोराकडं बघतील, तेवढं सांगा.

मिरजवेस:
या प्रश्नाला मिरजेतून एक दाखला देतो. आमच्याकडं सतार आणि तंबोरे बनवणारी शिकलगार घराणी आहेत. मुसलमान कारागीर, मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणून त्याची सतार करण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या कामाला मिरज संस्थानचा आधार होता, अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई इथंच राहत होते, त्यामुळं वाद्याबरोबर करणाऱ्याचाही मान वाढला. हलगीवाल्याच्या मागं कोण उभं राहिलं? कातड्याला हात लावतो म्हणून त्याला बाहेर ठेवलं, आणि त्याच कातड्याच्या आवाजावर आपल्या पैलवानांच्या अंगात जोर आणला. वाद्य जपायच्या आधी हा हिशेब चुकता व्हायला हवा.

माणदेशी:
प्रत्येक गोष्टीत जात कशाला? वाद्य ते वाद्य. आमच्या गावच्या पथकात सगळ्या जातीची पोरं हलगी वाजवतात, कुणी कुणाला विचारत नाही.

वारणेचा पोर:
@माणदेशी, पथकात सगळे वाजवतात, मान्य. मयत झालं की बोलावणं कुणाच्या घरी जातं?

हलगीवाली:
मी वाजवते. बाईनं हलगी गळ्यात घातली म्हणून भावकीतले आधी नाराज होते, आता सुपारी आली की तेच निरोप घेऊन येतात. वारणेच्या दादा, तुमच्या वडिलांनी केलं ते योग्यच केलं. पण माझ्या वडिलांनी टाकली नाही. त्यांनी फक्त फुकट वाजवणं बंद केलं. बिदागी आधी ठरवायची, जेवण सगळ्यांच्या पंगतीत, आणि मयताला जायचं ते आपल्या मनानं. दोन-चार गावांनी बोलावणं बंद केलं. नंतर त्यातल्याच एका गावानं मैदानासाठी हात जोडून बोलावलं.

लोकांना वाटतं दोन काड्या बडवल्या की झालं. शेकोटीवर कातडं किती तापवायचं हे कानाला कळावं लागतं. जास्त तापलं तर फाटतं, कमी तापलं तर आवाज बसतो. उजव्या हातातल्या टिपराचा घाव आणि डाव्या हातातली बारीक काडी, या दोन्हींचं बोलणं जमायला वर्षं जातात. ही विद्या आहे. आमच्याकडून ती राबवून घेतली म्हणून ती हलकी ठरत नाही. ती आमची आहे, आणि ती टाकायची की वाढवायची हे आम्ही ठरवू. शाळेनं बोलावलं तर मी जाईन, पण शिक्षक म्हणून. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीपुढं वाजवायला म्हणून नाही.

लाल मातीचा:
ताईंच्या बाजूनं लिहितो. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आठवा. तमाशा ज्या समाजांच्या जिवावर उभा होता त्यांचीच त्यातून टवाळी होत होती. अण्णाभाऊंनी तो फेकला नाही. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, तमाशाच्या सुरुवातीच्या गणात देवाऐवजी मायभूमीला वंदन आणलं, आणि त्याच ढोलकी-डफावर गिरणी कामगार आणि संयुक्त महाराष्ट्र उभा केला. तमिळनाडूत परई नावाचं असंच कातड्याचं वाद्य आहे. मयताला वाजवायचं म्हणून हीन मानलेलं. तिथल्या दलित तरुणांनीच ते स्वाभिमानाचं वाद्य म्हणून हातात घेतलं. २०२५ मध्ये मदुराईचे परईवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली.

वारणेचा पोर:
अण्णाभाऊ आमचेच, त्यांच्याबद्दल दुमत नाही. पण अण्णाभाऊंच्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूरावही आठवा. कुलकर्ण्यांचा मुलगा तमाशात आला, मोठा शाहीर झाला, त्यांची प्रतिभा नाकारत नाही. त्यांच्या फडात उभी राहिलेली पवळा महार समाजातली. शाहिराच्या नावानं उत्सव होतात, पवळाचं नाव किती शाळांत घेतलं जातं? हलगीचंही तेच होईल. कुणीतरी संस्था काढेल, अनुदान घेईल, परदेशात कार्यक्रम करेल, आणि ठेका ज्याच्या घरचा तो मांडवाबाहेर उभा राहील.

कृष्णाकाठ (धागाकर्ता):
ही भीती खरी आहे, त्यामुळं मागणी नेमकी करतो. ठेक्यांचं ध्वनिमुद्रण झालं तर त्यावर वाजवणाऱ्याचं आणि गावाचं नाव असावं, आणि पुढं पैसा आला तर त्यातला वाटा त्या घराला जावा. शाळेत नेमणूक लेखी असावी. वर्गातल्या सगळ्या मुलांनी शिकायचं किंवा कुणीच नाही, ठराविक मुलांना पुढं करायचं नाही. दवंडी, मयत, गावकीची कामं कुणालाही जातीमुळं सांगता येणार नाहीत, असा ग्रामसभेचा ठराव आधी व्हावा आणि मगच शाळेत हलगी यावी. पण 'टाकून द्या' हे मला पटत नाही. ज्यांनी कधीच अपमान सोसला नाही त्यांचं संगीत विद्यापीठात आणि सोसलेल्यांचं आढ्यावर, हीसुद्धा उतरंडच आहे.

वारणेचा पोर:
ठरावाचं पटलं. तरी माझ्या मुलाला मी हलगी शिकवणार नाही. त्याला तबला शिकायचाय, तो शिकेल. तुमच्या शाळेत पाटील-देशमुखांची पोरं आधी दोन वर्षं ताईंकडं शिकू द्यात, मग पुढचं बोलू.

हलगीवाली:
येऊ द्यात. हलगी मी देते. कातडं तापवायला मात्र सगळ्यांनी शेकोटीजवळ बसायचं.